पुण्याच्या नदीचा जाब कोणाला विचारायचा?

६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मुळा-मुठेच्या दोन कामांची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. एक काम नदीकाठ सुधारण्याचं. त्यात बांध, पदपथ, बसायच्या जागा, नौकाविहार असं सगळं होतं. दुसरं काम मैलापाणी शुद्ध करण्याचं. त्यात अकरा नवे शुद्धीकरण प्रकल्प होते, मिळून रोज सुमारे ४०० दशलक्ष लिटर क्षमतेचे. कोनशिला एकाच दिवशी बसल्या, पण यातलं दुसरं काम फार जुनं आहे. त्यासाठी जपानच्या जायका संस्थेशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्येच झाला होता. खर्च तेव्हा ९९० कोटी धरला होता आणि त्यातला ८५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलणार होतं. म्हणजे महापालिकेला पैशाची अडचण होती असं म्हणायला जागा नाही. मधली सहा वर्षं निविदा काढण्यात, रद्द करण्यात आणि पुन्हा काढण्यात गेली. पायाभरणीच्या दिवशी खर्चाचा आकडा १४७० कोटींच्या वर पोहोचला होता.

या सहा वर्षांत नदीत सोडलेल्या मैल्याचा आणि वाढलेल्या शेकडो कोटींचा जाब पुण्यात कोणाला विचारला गेला? एकाही अधिकाऱ्याला नाही, एकाही पदाधिकाऱ्याला नाही. आणि हे आपल्याला खटकतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय.

मला इथे एवढंच मांडायचं आहे की पुण्यात पर्यावरणाची जाण असलेल्या माणसांची वानवा नाही, अभ्यासाची नाही, कायद्याचीही नाही. कमतरता आहे ती उत्तर देणाऱ्याची. कोणता निर्णय कोणी घेतला, कोणत्या तारखेपर्यंत काय व्हायचं होतं, ते झालं नाही तर कोण उभं राहून सांगणार, हे ठरलेलंच नाही. जोवर हे ठरत नाही तोवर आपण एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत आणि एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंत धावत राहू.

धावण्याला मी कमी लेखत नाही. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी भर उन्हाळ्यात हजारो माणसं रस्त्यावर उतरली. त्याच महिन्याच्या अखेरीस नदीकाठची झाडं वाचवण्यासाठी लोक चिपको म्हणत नदीकडे गेले. याच टेकडीवरून आखलेला बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता इतकी वर्षं कागदावरच राहिला, तो लोक हटून बसले म्हणून. टेकडी हे पुणेकराचं सकाळचं फिरायचं ठिकाण आहेच. पण काळ्या पाषाणाच्या भेगांतून पावसाचं पाणी खाली मुरतं तेही तिथेच. टेकडीवर रस्ता झाला की मुरणारं पाणी उतारावरून धावत खालच्या सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरतं. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर बेकायदा फोडल्यामुळे पाण्याचा लोंढा थेट महामार्गावर आला आणि मोटारीतून निघालेल्या मायलेकी त्यात वाहून गेल्या. टेकडीफोड म्हणजे काय, हे पुण्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

तरीही चळवळीतल्या लोकांना ‘विकासविरोधी’ म्हटलं जातं. या आरोपाचं उत्तर सरकारच्याच कागदांत आहे. पूररेषा पाटबंधारे खात्याने आखल्या. टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राज्य सरकारने मंजूर केलं. १९९७ साली शहरात आलेल्या गावांमधली सुमारे ९७८ हेक्टर जमीन त्यात आहे, २०१५ मध्ये त्यावर शिक्का बसला, आणि प्रत्यक्षात ताब्यात आलेली जमीन फारच थोडी. झाडं तोडण्याआधी नोटीस लावायची, हरकती मागवायच्या, हे १९७५ च्या वृक्ष कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायला सांगितलं. हे सगळं विधिमंडळाने, राज्य सरकारने आणि सरकारी खात्यांनी लिहिलेलं आहे. पुण्यातला पर्यावरण कार्यकर्ता बहुतेक वेळा यातलंच एखादं पान हातात धरून ‘हे पाळा’ म्हणत असतो. सरकारला स्वतःचं लिखित वचन पाळायला लावणारा माणूस विकासाचा शत्रू कसा ठरतो, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

पूररेषेचंच घ्या, कारण तिथे माणसं मरतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, भराव घालायचा नाही, हे साधं तत्त्व. असं असताना विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत मुठेच्या पात्रातच भराव घालून महापालिकेने रस्ता करायला घेतला. नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने २०१३ मध्ये महापालिकेच्या विरोधात निकाल दिला आणि पात्रातलं काम काढावं लागलं. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं, हे इथल्या लोकांचं भाग्य. पण पात्रात रस्ता आखणाऱ्याला, त्याला तांत्रिक मंजुरी देणाऱ्याला, बिलं काढणाऱ्याला काय झालं? पैसे करदात्यांचे गेले, कामही करदात्यांच्याच पैशाने उखडलं गेलं. वकिलांचा खर्च तर दोन्ही बाजूंनी नागरिकांनीच भरला, एकदा खिशातून आणि एकदा करातून.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत जे केलं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. शहरात आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. ओढा रात्रीत रुंद झाला नव्हता. वर्षानुवर्षं त्याच्या काठावर भिंती आल्या, राडारोडा पडला, वळणं सरळ केली गेली आणि पाण्याला जागा उरली नाही. थोड्या तासांत खूप पाऊस, हे आता दर दोन-तीन वर्षांनी होतंय. हवामान बदल म्हणून ज्याबद्दल आपण जगाच्या परिषदांच्या बातम्या वाचतो, तो पुण्यात अशा वेळी ओढ्याच्या काठावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत शिरतो.

पुढची वेळ आली ती जुलै २०२४ मध्ये. २४ तारखेच्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून पाणी सोडलं जात होतं आणि २५ तारखेला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले तेव्हा दारात नदी होती. डेक्कनला पुलाच्या वाडीत पहाटे पाण्यातून अंडाभुर्जीची हातगाडी हलवताना तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. त्या दिवशीचा जास्तीत जास्त विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या थोडा वर होता. मुठेची निळी रेषा मात्र ६० हजार क्युसेक धरून आखलेली आहे. धरणाखाली पडलेल्या पावसाचं पाणी त्यात मिळालं हे मान्य करूनही हिशेब जुळत नाही. नदीचं पोट लहान झालंय, दुसरा अर्थ निघत नाही. ते भरावाने झालं, राडारोड्याने झालं की बांधकामांनी, हे मोजून सांगणं हे महापालिकेचं आणि पाटबंधारे खात्याचं काम. त्याऐवजी पुढचे काही दिवस आपण काय ऐकलं? किती पाणी सोडणार हे कळवलं होतं की नव्हतं, यावरून दोन खात्यांची एकमेकांकडे बोटं. धरण पाटबंधाऱ्याचं, पात्र महापालिकेचं, पाण्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाची, वरच्या अंगाचं बांधकाम पीएमआरडीएचं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. नदी एक, मालक चार आणि जबाबदार शून्य.

असं शहर आपली ४४ किलोमीटर नदी बांध घालून सुशोभित करायला निघालं आहे. सगळ्या प्रकल्पाचा खर्च साडेचार हजार कोटींच्या वर धरला होता. बांध पात्रात आले की पात्र अरुंद होईल आणि पुराची पातळी वाढेल, असं विरोध करणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. उलट पातळी कमी होईल असं प्रकल्पाचा अहवाल सांगतो. दोन्ही खरं असू शकत नाही. कोण बरोबर हे ठरवण्याचा मार्ग आहे: दोन्ही बाजूंचं गणित जाहीर मांडायचं, दोघांनाही न बांधलेल्या तज्ज्ञांकडून ते तपासून घ्यायचं आणि तोवर काम थांबवायचं. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे. आधी पाणी स्वच्छ व्हायला हवं, मग काठ. ज्या नदीत मैला वाहतो तिच्या काठावर बाकं टाकणं हा क्रमच उलटा आहे, आणि तो क्रम कोणी ठरवला हे आजही एका वाक्यात सांगता येत नाही.

ते सांगता येत नाही याचं एक कारण त्या मार्चमध्येच आहे. पायाभरणीनंतर नऊ दिवसांनी, १५ मार्च २०२२ ला, महापालिकेची मुदत संपून प्रशासकाची राजवट सुरू झाली. ती जवळजवळ चार वर्षं चालली. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. नदीकाठची झाडं, टेकडीवरचा रस्ता, एकता नगरीचा पूर, सिंहगड रस्त्यालगतच्या गावांतली जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ, हे सगळं त्या काळात घडलं, जेव्हा मुख्य सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती आणि वॉर्डातल्या माणसाला दार ठोठवायला नगरसेवक नव्हता. हरकतींच्या सुनावण्या झाल्या, पण हरकत घेणारा नागरिक आणि निर्णय देणारा अधिकारी. मत मागायला पुन्हा दारात येणारं मधे कोणीच नाही. लोकप्रतिनिधी असते तर सगळं बरोबर झालं असतं असा माझा भाबडा समज नाही. विठ्ठलवाडीचा रस्ता लोकप्रतिनिधी असतानाच झाला. पण लोकप्रतिनिधीला निदान पाच वर्षांनी का होईना मतदारापुढे उभं राहावं लागतं.

आता १६५ नगरसेवक आहेत. ४१ प्रभाग, बहुतेक प्रभागांत चार-चार जण. इथेही जबाबदारी वाटली गेली की पातळ होते. माझ्या ओढ्यात राडारोडा टाकला तर चौघांपैकी कोणाला गाठायचं? चौघंही दुसऱ्याचं नाव सांगू शकतात. म्हणून मला वाटतं, पुण्यातल्या संस्थांनी आणि सोसायट्यांनी या चौघांकडून एकत्र लिहून घ्यावं: प्रभागातला कोणता ओढा, कोणती टेकडी, कोणतं मैलापाण्याचं तोंड कोणाकडे. लिहून घेतलेलं विचारता येतं.

आणि विचारायला साधनं आहेत. महापालिका अधिनियमाचं कलम ६७ अ सांगतं की आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा. हे अहवाल निघतात, छापले जातात, चकचकीत कागदावर फोटोंसह येतात. त्यात झाडांची संख्या असते, हवेचे आकडे असतात, कौतुकाची वाक्यंही असतात. गेल्या वर्षी काय ठरवलं होतं आणि त्यातलं काय झालं नाही, याचं पान नसतं. या पानासाठी मोर्चा निघायला हवा असं मला मनापासून वाटतं. मुख्य सभेत त्या अहवालावर दिवसभर चर्चा व्हावी, खातेप्रमुखांनी उभं राहून उत्तरं द्यावीत, आणि कोणत्या शुद्धीकरण प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी किती वेळा निकषात बसलं नाही हे नाल्याच्या नावासह सांगावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ सरकारी कार्यालयात जाऊन नागरिकाला फायली पाहता येतात. पुणे महापालिकेत ही सोय आधी सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्याने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. टेकडीवर ज्या संख्येने माणसं सकाळी फिरायला जातात त्यातल्या मूठभरांनी जरी हे दोन तास वाटून घेतले तरी चित्र पालटेल. सध्या हे काम निवृत्तीनंतरचा वेळ खर्चून तीच ती मोजकी माणसं करतात. नकाशे वाचणं, निविदा वाचणं, प्रतिज्ञापत्रातली विसंगती हुडकणं हे कष्टाचं काम आहे. त्यांच्यातल्या काहींनी वयाची सत्तरी ओलांडली आहे. शहराने आपली जबाबदारी दहा-पंधरा वृद्धांच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही.

चळवळीलाही काही ऐकवायचं आहे, आणि ते आपलेपणानेच. पुण्यात पर्यावरण म्हटलं की कोथरूड, औंध, बाणेर, प्रभात रस्ता एवढीच नावं का येतात? या शहरात पर्यावरणाचा जाब सर्वांत आधी आणि सर्वांत हट्टाने विचारला तो फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पडला, विहिरी नासल्या, धुराने घरं भरली. त्यांनी गाड्या अडवल्या की शहरात कचऱ्याचे ढीग साचायचे आणि मगच आपल्याला ती गावं आठवायची. त्यांना आपण कार्यकर्ते म्हटलं नाही, ‘कचरा प्रश्न पेटला’ एवढंच म्हटलं. घरोघरचा ओला-सुका कचरा वेगळा करून डेपोवरचा भार हलका करणाऱ्या कचरावेचक बायकांचंही तेच. १९९३ मध्ये त्यांची संघटना झाली, २००८ मध्ये स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. प्रत्यक्ष काम करणारी पुण्यातली सर्वांत मोठी पर्यावरण फौज तीच आहे. तरी त्यांना दर काही वर्षांनी कराराच्या नूतनीकरणासाठी महापालिकेच्या पायऱ्यांवर बसावं लागतं. टेकडीसाठी जमणाऱ्या हजारोंतले किती त्यांच्या शेजारी जाऊन बसले?

जानेवारी २०२५ ची जीबीएसची साथ आठवा. तिचा सर्वाधिक जोर नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात होता. पुणे परिसरात मिळून संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. या पट्ट्यातली काही गावं २०२१ मध्ये महापालिकेत घेतली, कर लावला, आणि त्यांना पाणी दिलं ते शुद्धीकरण प्रकल्पाशिवाय, विहिरीतलं, नुसतं क्लोरीन टाकून. हा पर्यावरणाचाच प्रश्न होता. दूषित पाण्यासाठी त्या दिवसांत एक मोठा, सगळ्या शहराचा मोर्चा निघायला हवा होता. झाडाला मिठी मारायला लोक येतात तसे नळाच्या पाण्यासाठीही आले पाहिजेत, आणि पुराच्या नोटिशीसाठीही. एकता नगरीतले लोक, पुलाच्या वाडीतले लोक, आंबील ओढ्याकाठचे लोक चळवळीच्या व्यासपीठावर पीडित म्हणून येतात आणि बोलून घरी जातात. मागण्या ठरवताना ते टेबलावर असले पाहिजेत. त्यांना पाण्याची पातळी कुठल्या खांबापर्यंत आली की काय होतं हे कोणत्याही नकाशापेक्षा नेमकं माहीत असतं.

पुण्याच्या हद्दीबाहेरही एक मोठा पक्षकार आहे ज्याला आपण कधी बोलावतच नाही. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. आपण जे सोडतो ते दौंड-इंदापूरच्या शेतांतून, जलपर्णीने झाकलेल्या पाण्यातून उजनीपर्यंत जातं. उजनीवर सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी आहे, धरणातल्या मासेमारीवर शेकडो घरं चालतात. धरणाच्या पाण्याच्या वाटपासाठी कालवा समितीच्या बैठकीत पुणे आणि ग्रामीण भाग दरवर्षी भांडतात, किती टीएमसी कोणाला यावर. किती स्वच्छ पाणी परत द्यायचं, यावर त्या बैठकीत पुण्याला तेवढंच कडक विचारलं पाहिजे. शुद्धीकरण प्रकल्प वेळेत झाले नाहीत तर पुण्याच्या पुढच्या वर्षीच्या कोट्यावर त्याचा परिणाम होईल, असं एकदा ठरलं तर निविदा सहा वर्षं फिरणार नाहीत. पुणेकर म्हणून ही मागणी आपल्यालाच टोचणारी आहे आणि तरीही ती पुण्यातूनच पुढे आली पाहिजे. येत्या ३१ जुलैच्या अहवालावर चर्चा होईल तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जात दौंड, इंदापूर आणि सोलापूरच्या माणसांना बोलवावं, आणि नदीकाठ प्रकल्पाच्या प्रत्येक सुनावणीत त्यांची हरकत नोंदवून घ्यावी.